दोन आकड्यांमधला वेळ

जुन्या यंत्रणेत खाती चव्वेचाळीस होती. अडतीस नदीकाठच्या निरीक्षकांची, सहा कार्यालयातल्या माणसांची. एकोणीस पावसाळ्यांत मिळून नोंदी झाल्या होत्या तीन लाख सेहेचाळीस हजार नऊशे बारा. कीबोर्ड तीन, त्यांतला चालू एक, आणि त्यावरचा पाचाचा अंक पार पुसून गेलेला. शिवणी नदीची पातळी समुद्रसपाटीपासून पाचशे आणि काही मीटर अशी मोजतात, त्यामुळे प्रत्येक नोंद पाचानेच सुरू होते.

मुक्ता तेरदाळेने हे सगळं मे महिन्याच्या पहिल्या सोमवारी वहीत लिहिलं आणि खाली रेघ मारली. संख्याशास्त्रात एम.एस्सी. करून हिरेगावच्या पूरमापन कार्यालयात रुजू झाल्याला तिला सहा महिने झाले होते, आणि स्वतःचं म्हणावं असं हे पहिलंच काम तिच्या वाट्याला आलं होतं. एक जूनला पावसाळी नोंदी सुरू होतात. त्याच्या आत जुन्या यंत्रणेतली सगळी खाती आणि पासवर्ड नव्या यंत्रणेत हलवायचे होते.

"किती दिवस लागतील?" कार्यकारी अभियंता नाईकनवरे यांनी विचारलं.

"खाती आजच हलतील, सर. पासवर्ड हलणार नाहीत."

"का? जड आहेत?"

"ते तिथे नाहीतच. आपण पासवर्ड टाकला की यंत्रणा तो दळते आणि फक्त पीठ ठेवते. पुढच्या वेळी टाकला की पुन्हा दळते आणि दोन्ही पिठं सारखी आहेत का ते बघते. पिठाचे परत गहू करता येत नाहीत. कुणी चोरी केली तरी त्याच्या हाती पीठच लागावं, म्हणून तशी सोय केलेली असते."

"मग नव्या यंत्रणेला काय द्यायचं?"

"तिला पासवर्ड नकोच आहे."

ते खरंच होतं. माणसाच्या लक्षात राहील असा कुठलाही पासवर्ड आता यंत्रं चहाला उकळी फुटायच्या आत शोधून काढत होती. म्हणून सरकारी कार्यालयांत 'ठसा' नावाची नवी यंत्रणा येत होती. ती माणसाला त्याच्या टंकण्यावरून ओळखायची. बटण दाबल्यापासून सोडेपर्यंत बोट त्यावर किती वेळ टेकतं, हे ज्याचं त्याचं ठरलेलं असतं. कुणाचं सत्तर सहस्रांश सेकंद, कुणाचं एकशेवीस. आणि अंगठ्याचं वेगळं, करंगळीचं वेगळं. बोटांची लांबी, सांध्यांची सवय, लहानपणी कुणी कसं शिकवलं, असं बरंच काही त्यात उतरतं. चाल बघून लांबूनच माणूस ओळखू येतो, तसंच हे. आणि हे ना विसरता येतं, ना कुणाला सांगता येतं.

बाकीच्या कार्यालयांत प्रत्येकाला बोलावून, समोर बसवून, पानभर मजकूर टंकायला लावून ठसा घ्यावा लागत होता. हिरेगावला त्याची गरज नव्हती. एकोणीस वर्षांपूर्वी जुनी यंत्रणा बांधणाऱ्या कुणा शहाण्याला एक भीती होती. बटण चिकटलं की चाराचे चव्वेचाळीस होतात, आणि नदीच्या बाबतीत असा एक जादा चार महागात पडतो. म्हणून त्याने प्रत्येक बटण कधी दाबलं आणि कधी सुटलं याची वेळ साठवायची सोय केली होती. ती साठवण कुणी कधी उघडून पाहिली नव्हती आणि कुणी पुसलीही नव्हती. मुक्ताला ती सापडली तेव्हा तिला इतका आनंद झाला की तिने दुपारच्या डब्यातला स्वतःचा लाडू सुतारबाईंना देऊन टाकला.

वैजयंता सुतार या कार्यालयातल्या सगळ्यात जुन्या लिपिक. वय सत्तावन्न, येत्या मार्चमध्ये निवृत्ती. कार्यालयाच्या मागच्याच सरकारी खोल्यांत राहायच्या आणि मुक्तासाठी रोज एक भाकरी जास्तीची आणायच्या. "तुझ्या खोलीवरचा गॅस म्हणजे नुसता निळा उजेड हाय," त्या म्हणायच्या. "त्यावर भाकरी फुगायची न्हाई."

मुक्ताचा प्रोग्राम सोपा होता. प्रत्येक नोंदीतून त्याने दोन गोष्टी काढल्या: बोट टेकण्याचा वेळ, आणि एक बटण सुटून दुसरं दाबेपर्यंतचा वेळ. दुसऱ्या रकान्यात काही ताळमेळच नव्हता. एकाच खात्यात आकडे कसेही पसरलेले. तिने तो रकाना गोंगाट म्हणून टाकून दिला आणि पहिला तेवढा ठेवला. मंगळवारी सकाळी साडेअकरा वाजता निकाल 'ठसा'मध्ये चढवला. चार मिनिटांनी पडद्यावर उत्तर आलं.

खाती ४४. हात ६.

तिने डोळे बारीक करून पुन्हा वाचलं. मग यादी उघडली. अडतीसच्या अडतीस निरीक्षकांच्या खात्यांत एकच हात होता. बोट टेकण्याचा सरासरी वेळ चौऱ्याण्णव सहस्रांश सेकंद. तोच हात सुतारबाईंच्या खात्यातही होता.

खाली लाल अक्षरांत आणखी एक ओळ होती. एकच हात अनेक खात्यांत आढळल्यामुळे ती खाती गोठवण्यात आली असून नोंदी बनावट असल्याच्या संशयावरून अहवाल मुख्यालयाला पाठवण्यात आला आहे.

पाठवायचा का, असं तिला कुणी विचारलंच नव्हतं.

*

नाईकनवऱ्यांनी पडद्यावरची यादी शेवटपर्यंत वाचली. मग त्यांनी भिंतीवरच्या नकाशाकडे बोट केलं. त्यावर अडतीस टाचण्या होत्या.

"तेरदाळे, आपले पूरतक्ते या नोंदींवर बांधलेत. वर हातकड्याच्या केंद्रावर पाणी इतकं चढलं की खाली कुठल्या गावात किती तासांनी शिरणार, हे आपण कशावरून सांगतो? या एकोणीस वर्षांवरून. त्या बनावट ठरल्या, तर यंदा आपण आंधळे."

"पण सर, सगळं एकाच हाताने..."

"ते मला माहीत आहे. सुतारबाई भरतात. सगळ्यांना माहीत आहे."

"मला माहीत नव्हतं."

"तू विचारलं नाहीस," ते म्हणाले. सुरात राग नव्हता.

दुपारी मुख्यालयातून वागळे नावाच्या अधिकाऱ्यांचा फोन आला. माणूस सभ्य वाटला. शुक्रवारी अकरा वाजता पडद्यावर सुनावणी. काही खुलासा असेल तर तेव्हा द्यावा. "एका बाईंनी अडतीस माणसांच्या नावाने आकडे घातले, एवढं दिसतं आहे," ते म्हणाले. "ते आकडे त्यांनी कुठून आणले, हे दिसत नाही. मला तेवढंच हवंय."

त्या दिवशी मुक्ताने भाकरी घेतली नाही. पोट ठीक नाही म्हणाली.

सुतारबाईंनी डब्याचं झाकण लावलं. "पोटाला काय झालंय ते मला ठाऊक हाय," त्या म्हणाल्या. "साहेबांनी सांगितलं मला. बस इथं. आणि जे विचारायचंय ते विचार. नजर चुकवून जेवण टाळायचं, हे काय शाळेतलं भांडण हाय का?"

मुक्ता बसली. "निरीक्षकांची खाती तुम्ही वापरता?"

"हो. त्यांच्यासाठी मोबाइलचं ॲप काढलं होतं, पहिल्या वर्षी. अर्ध्या काठाला रेंज न्हाई, आणि आहे तिथं माणसाला चष्मा न्हाई. पाणी मोजायची पट्टी बघायला खाली उतरायचं, वर यायचं, ओल्या हातानं ॲप उघडायचं, त्यात पासवर्ड. मग त्यांनी फोन करायला सुरुवात केली. ते सांगतात, मी घालते. ज्याचा आकडा त्याच्या खात्यात जायला पाहिजे, म्हणून ज्याचं त्याचं खातं उघडते."

"आणि पासवर्ड?"

"पाठ आहेत."

"अडतीस?"

"पासवर्ड कुठंही लिहून ठेवू नये असं परिपत्रक होतं. मी न्हाई लिवले." बाईंनी बोटं मोडत सुरुवात केली. "मुल्लांचा चक्की आणि पुढं अंक. त्यांची पिठाची गिरण हाय ना, पुलाजवळ. हातकड्याच्या ढवळेंचा होडी. शाळेतल्या शिपायांचा घंटा. दर तीन महिन्यांनी बदला म्हणून दुसरं परिपत्रक आलं, तवा पुढचा अंक एकेकानं वाढवला. आता मुल्ला चक्की सत्त्याहत्तरवर आलेत."

मुक्ताला हसू आलं, आणि हसू आलं म्हणून वाईट वाटलं. नियम मोडू नये म्हणून या बाईने एक नियम इतका कसून पाळला होता की दुसरा आपोआप मोडला होता.

"बाई, एक विचारते. कुणी न सांगता, ऐकल्याशिवाय, कधी आकडा घातलाय?"

बाहेर कुणीतरी मोटरसायकल चालू करत होतं. ती चौथ्या लाथेला चालू झाली.

"सात वेळा," त्या म्हणाल्या.

"सात?"

"फोन लागायचा न्हाई. पाणी तर चढत असायचं. मग वरच्या केंद्राचा आणि खालच्या केंद्राचा आकडा बघून मधला घातला. रकाना मोकळा ठेवला की यंत्रणा पुढचं गणितच करायची न्हाई, आणि 'अंदाजे' असं लिवायला जागाच नव्हती. तारखा सांगू?"

मुक्ता पटकन म्हणाली, "नको. आत्ता नको." का नको, ते तिचं तिलाही कळलं नव्हतं. एवढंच जाणवलं, की तारखा एकदा कानावर पडल्या की त्या न ऐकल्यासारखं पुन्हा कधी बघता येणार नाही.

*

दरवर्षी मे महिन्यातल्या एका बुधवारी सगळ्या केंद्रांची चाचणी होते. पावसाळ्याआधी पट्ट्या रंगवून झालेल्या असतात. प्रत्येक निरीक्षक एकदा फोन करून पातळी सांगतो. यंदाची चाचणी नेमकी सुनावणीच्या दोन दिवस आधी आली. खाती गोठली होती, म्हणून नाईकनवऱ्यांनी कोऱ्या तक्त्यात आकडे घ्यायला सांगितलं. मुक्ता बाईंच्या शेजारी खुर्ची ओढून बसली. सहा महिने त्याच खोलीत असून तिने हे कधी पाहिलं नव्हतं. ती ऑक्टोबरच्या अखेरीला आली होती, नोंदी बंद होता होता.

पहिला फोन हसन मुल्लांचा.

"बाई, सलाम. गिरणीचा पट्टा बंद केलाय, ऐकू येतंय न्हवं?"

"येतंय. सांगा."

"घ्या. पाच... चार... एक..." मुल्ला मध्येच थांबले. फोनमधून म्हशीच्या गळ्यातली घंटा ऐकू आली. "हाल गं बाजूला. पट्टीच झाकलीय हिनं. घ्या, दशांश... एक... दोन."

मुक्ताचं लक्ष बाईंच्या उजव्या हाताकडे होतं. हात कीबोर्डावर टेकलेला नव्हता. दाणे टिपायला बसलेल्या चिमणीसारखा किंचित वर होता. पाच ऐकलं, पाच दाबला. चार ऐकलं, चार दाबला. म्हैस आली तेव्हा हात तसाच वर थांबला. म्हैस गेली, दशांश आला, बोट खाली आलं.

"तुम्ही आधी कागदावर नाही घेत?"

"पहिले जे साहेब होते त्यांनी मोडली ती सवय. कागद म्हणजे चुकीला दुसरी संधी, असं म्हणायचे. कानातून आलं की सरळ बोटात. मध्ये थांबायचं न्हाई, पुढं पळायचं न्हाई."

पुढचा फोन हातकड्याचा. तिथे ढवळे आजोबांच्या नावावर खातं होतं, पण बोलत होती त्यांची सून. ती घाईने तीन अंक एका दमात सांगायची आणि दशांशाला अडखळायची. बाईंचं बोट तीनदा भरभर खाली आलं, मग अडखळलं. तिसरा फोन शाळेच्या शिपायांचा. प्रत्येक अंक ते घंटेच्या ठोक्यासारखा सांगत, आणि बाईंचं बोटही तसंच पडत होतं.

मुक्ता उठून उभी राहिली.

"काय झालं गं?"

"बाई, तुमचं बोट बटणावर किती टेकतं ते तुमचं आहे," मुक्ता म्हणाली. "पण एक आकडा सुटून दुसरा कधी पडतो, ते तुमचं नाहीये. ते त्यांचं आहे."

तो रकाना तिने गोंगाट म्हणून टाकून दिला होता.

*

तिने घाई केली नाही. आधीच एक घाई तिला नडली होती. वहीत तिने क्रमाने लिहिलं.

बाई स्वतःच्या मनाने अंक टाकतात तेव्हा ते कसे पडतात, हे मोजायला एक गोष्ट हाताशी होती. रोज सकाळी स्वतःचं खातं उघडताना त्या तारीख टाकत. तारीख त्यांना कुणी सांगत नव्हतं. एकोणीस पावसाळ्यांतल्या दोन हजार नऊशे सात तारखा तिने काढल्या. अंकांमधली अंतरं छोटी होती, आणि जवळजवळ सारखी.

सांगणाऱ्या माणसाची अंतरं सारखी असूच शकत नाहीत. 'दोन' म्हणायला जेवढा वेळ लागतो त्याहून 'दशांश' म्हणायला जास्त लागतो, आणि ऐकणाऱ्याचं बोट तेवढं थांबून राहतं. मनातून टाकणाऱ्याला दशांशचिन्ह म्हणजे एक बटण, बाकीच्यांसारखंच. शिवाय प्रत्येकाची बोलायची ढब वेगळी. मग ज्या नोंदीत सगळी अंतरं सारखी, ती ऐकलेली नाही. तिने सारखेपणाची सीमा तारखांवरून ठरवली, वहीत शाईने लिहिली आणि खाली एक ओळ जोडली: एवढ्या नोंदींत दोन-तीन चुकून पकडल्या गेल्या तरी ती सीमेची चूक समजावी.

मग ती बाईंकडे एक लिफाफा घेऊन गेली.

"त्या सात तारखा यात लिहा. मला दाखवू नका. लिफाफा डकवून साहेबांच्या कपाटात ठेवा."

"आणि तुझं मशिन वेगळंच काही बोललं तर?"

"तर तेही शुक्रवारी तसंच सांगावं लागेल, बाई."

बाईंनी तिच्याकडे पाहिलं. "बरं," त्या म्हणाल्या, आणि चष्मा शोधायला लागल्या.

*

शुक्रवारी अकरा वाजता वागळे पडद्यावर आले. त्यांच्या मागे पाण्याच्या बाटल्यांचा खोका होता आणि समोर मुक्ताने पाठवलेलं टिपण. नाईकनवरे, मुक्ता आणि बाई टेबलाच्या अलीकडे बसले होते. बाई इस्त्रीची साडी नेसून आल्या होत्या, मुलीच्या लग्नातली. मुक्ताला ते बघवत नव्हतं.

वागळे म्हणाले, "टिपण वाचलं. कल्पना चांगली आहे. पण एक शंका. या बाई मुद्दाम थांबत थांबत आकडे घालू शकल्या असत्या."

"एक दिवस जमलं असतं, सर," मुक्ता म्हणाली. "साडेतीन लाख नोंदींत प्रत्येक केंद्राची ढब वेगळी, आणि वर्षानुवर्षं तीच. हातकड्याला आठ वर्षांपूर्वी जूनमध्ये ती एकदम बदलते. आजोबा गेले आणि सून सांगायला लागली, तो महिना. अशा बदलांसकट अडतीस केंद्रांवर मला त्रेपन्न वेगवेगळे आवाज मिळाले. वेळ साठवली जातेय हे बाईंना माहीतच नव्हतं. ज्याची मोजणी होतेय हे ठाऊकच नाही, त्याची नक्कल कशी करायची?"

"सून सांगायला लागली, तर खातं सासऱ्यांच्या नावावर का?"

"नाव बदलायचा अर्ज तीनदा पाठवलाय," बाई म्हणाल्या. "तुमच्याकडंच."

वागळ्यांनी काहीतरी लिहून घेतलं. "ठीक. न ऐकलेल्या किती निघाल्या?"

"हे मी आत्ता, तुमच्यासमोर चालवते." मुक्ताने बटण दाबलं. प्रोग्रामला चाळीस सेकंद लागले. तेवढ्या वेळात बाईंनी पदर दोनदा सारखा केला.

पडद्यावर आठ तारखा आल्या.

मुक्ताने त्या मोजल्या. पुन्हा मोजल्या. नाईकनवऱ्यांनी कपाटातून लिफाफा आणून कात्रीने कापला, कागद उलगडला आणि सावकाश वाचायला लागले. पहिली तारीख होती. दुसरी होती. पाचवीला बाईंनी दिवस एकाने चुकवला होता, पण केंद्र आणि वेळ बरोबर होती. सातवी वाचून त्यांनी कागद खाली ठेवला.

"सात," ते म्हणाले. "सातही यादीत आहेत."

"आणि आठवी?" वागळ्यांनी विचारलं.

मुक्ताच्या वहीत ती ओळ होती. सीमेची चूक म्हणता आलं असतं. पण तसं म्हणायच्या आधी तिने नोंद उघडली. पाच वर्षांपूर्वीचा जुलै, तारीख चौदा, सकाळचे आठ, मुल्लांचं केंद्र. सहस्रांश सेकंदांत अंतरं होती चारशे बारा, चारशे दहा, चारशे तेरा, चारशे अकरा, चारशे बारा.

"सर, ही सारखी आहेत, पण बाईंची नाहीत. बाई मनाने टाकतात तेव्हा अंतर दीडशेच्या आसपास असतं. ही तिपटीच्या जवळ आहेत. आणि इतकी सारखी कुठल्याच माणसाची नसतात." ती बाईंकडे वळली. "बाई, चौदा जुलै, मुल्ला. काही आठवतं?"

बाईंनी कपाळाला आठ्या घातल्या. "जुलै... त्या साली मुल्लांच्या गळ्याचं ऑपरेशन झालं होतं. आवाजच न्हवता. पहिल्या दिवशी..." त्या थांबल्या आणि हसायला लागल्या. "पहिल्या दिवशी त्यांनी मोबाइलवर आकडे टंकले आणि मोबाइलमधल्या त्या बाईनं ते मला वाचून दाखवले. एकेक आकडा, घड्याळ टिकटिकल्यासारखा. मी म्हटलं, मुल्ला, ही बया परत नको, उद्यापास्नं भाभींना सांगायला लावा."

"पुढच्या नोंदी?" वागळे म्हणाले.

मुक्ताने पंधरा जुलै उघडली. तिथे नवा आवाज होता. हळू, आणि शून्याला लांबणारा. तो सप्टेंबरअखेरपर्यंत होता. मग पुन्हा मुल्ला.

वागळे खुर्चीत मागे टेकले. पहिल्यांदाच त्यांचे खांदे दिसले.

"म्हणजे ही न ऐकलेली नाही," ते म्हणाले. "यंत्राकडून ऐकलेली आहे."

"हो, सर."

"सुतारबाई, ते सात अंदाज किती चुकले होते, माहीत आहे तुम्हाला?"

"न्हाई. मी घाबरून कधी बघितलंच न्हाई."

"मी काल काढलं," नाईकनवरे मध्येच म्हणाले. सगळ्यांनी त्यांच्याकडे बघितलं. इतका वेळ ते या विषयावर एक अक्षर बोलले नव्हते. "तारखा माहीत नव्हत्या, म्हणून ज्या ज्या वेळी निरीक्षकांनी त्या वेळी काठावर केलेली पाण्याची खूण पूर ओसरल्यावर मोजून कळवली, त्या सगळ्या ताडून ठेवल्या होत्या. आता या सातांपुरतं बघतो." त्यांनी स्वतःच्या कागदावर बोट फिरवलं. "सातपैकी पाचांना खूण सापडते. सगळ्यात मोठी चूक सहा सेंटिमीटर."

वागळ्यांनी नोंदींवरचा 'बनावट' हा शिक्का काढून खाती मोकळी करायचा आदेश तोंडीच दिला, आणि लेखी दुपारपर्यंत येईल म्हणाले. नव्या यंत्रणेत निरीक्षकांच्या खात्याला दोन रकाने असतील: भरणाऱ्याचा हात आणि सांगणाऱ्याचा आवाज. शिवाय शेऱ्याचा तिसरा, ज्यात 'अंदाजे' लिहिता येईल. "हा रकाना आधी का नव्हता?" त्यांनी विचारलं, आणि उत्तर कुणी द्यायच्या आत स्वतःच पडदा बंद केला.

नाईकनवऱ्यांनी लिफाफा आणि कागद फाइलला लावला. बाई बसूनच होत्या.

"पाचवी तारीख चुकली माझी," त्या म्हणाल्या.

"एका दिवसानं, बाई."

"तरी चुकलीच." मग त्यांनी एक लांब श्वास सोडला, खुर्चीखालून पिशवी ओढली आणि डबा टेबलावर ठेवला. "पोट बरं हाय का आता?"

मुक्ताने दोन भाकऱ्या खाल्ल्या. तिसरी अर्धी राहिली ती नाईकनवऱ्यांनी घेतली, ठेच्याबरोबर, आणि डोळ्यांत पाणी आलं ते ठेच्यामुळे आलं असं सांगितलं.

*

एक जूनला सकाळी आठ वाजता नवी यंत्रणा सुरू झाली. हातकड्याचं खातं आता सुनेच्या नावावर होतं. बाईंनी पासवर्डाची सवय म्हणून च, क अशी दोन अक्षरं दाबली. यंत्रणेने ती घेतलीच नाहीत.

"आता या अडतिसांचं मी काय करू?" त्यांनी विचारलं. "डोक्यात तसेच हायत."

"विसरा."

"सांगणं सोपं हाय."

फोन वाजला. मागे गिरणीचा पट्टा हळूहळू थांबत असल्याचा आवाज आला.

"बाई, सलाम. ऐकलं मी, तुमच्या तिकडं माझी म्हसरं पण मोजली म्हणं."

"मोजली. सांगा आता."

"घ्या. पाच... चार... एक... दशांश... शून्य... आठ."

बाईंचं बोट सहा वेळा खाली आलं. मुक्ताने पडद्यावरची ओळ वहीत उतरवून घेतली.

हात: वै. सुतार, जुळणी ९९.४ टक्के. आवाज: ह. मुल्ला, जुळणी ९८.७ टक्के. शेरा: नाही. पातळी: ५४१.०८ मीटर.